रचितभूमी आणि सहजभूमी : क्रीडाभूमीच्या आवडीनिवडीचा अर्थविचार

१. विषयप्रवेश

एकाच खेळाची हौस असलेल्या दोघांना त्या खेळाची एकच जागा आवडेल, असा नियम नाही. बर्फावरून घसरत जाण्याच्या खेळात, म्हणजे स्कीइंगमध्ये, हा भेद आज फारच ठळक झाला आहे. युरोप-अमेरिकेतील बर्फाळ पर्वतांवरच्या क्रीडाकेंद्रांत ‘टेरेन पार्क’ या नावाचा एक भाग राखलेला असतो. तेथे यंत्रांनी बर्फ रचून उड्यांसाठी उंचवटे केलेले असतात, घसरत जाण्यासाठी लोखंडी कठडे बसविलेले असतात आणि उभ्या चिरलेल्या नळीसारखे खोल पाट कोरलेले असतात. काही स्कीपटू दिवसचे दिवस या आवारातच घालवितात आणि एकच उडी पुनःपुन्हा मारीत राहतात. दुसऱ्या काहींना यंत्राने साफसूफ केलेला लांबच लांब उतार प्रिय असतो. तिसरा वर्ग असा की, ज्याला ज्या बर्फावर त्या दिवशी कोणाचीही रेघ उमटलेली नाही असाच बर्फ हवा असतो. मग तो झाडीतला असो, घळीतला असो वा कड्याखालचा असो. हे तिन्ही वर्ग एकमेकांविषयी फारसे उदार नसतात. पहिल्याला तिसरा आडमुठा वाटतो, तिसऱ्याला पहिला अंगणातला खेळाडू वाटतो, आणि दोघांनाही दुसरा निरुपद्रवी वाटतो.

महाराष्ट्रात हा बर्फ नाही. परंतु प्रश्न वस्तुतः बर्फाचा नसून भूमीचा आहे, आणि तो येथेही जसाच्या तसा उभा आहे. पालघर जिल्ह्यातील तुळिंज हे एके काळचे गाव आज नालासोपाऱ्याच्या पूर्वेकडील दाट वस्तीत मिसळून गेले असून २००९ मध्ये स्थापन झालेल्या वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत मोडते. तेथील रहिवाशाला सुटीच्या दिवशी डोंगर चढावासा वाटला, तर त्याच्यापुढे दोन वाटा असतात. उत्तरेस एका स्थानकावर विरारचा जीवदानीचा डोंगर आहे. त्यावर हजाराहून अधिक बांधीव पायऱ्या आहेत. पूर्वेस महामार्गापलीकडे तुंगारेश्वराची रांग आहे. २००३ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झालेल्या या रांगेत ओढे, कातळ आणि दर पावसाळ्यानंतर थोड्याफार बदलणाऱ्या पायवाटा आहेत. काही माणसे नेमाने पायऱ्या चढतात आणि काही नेमाने रान तुडवितात. आणि या दोहोंतही परस्परांविषयी तोच सौम्य अनादर आढळतो.

या आवडीचे स्पष्टीकरण सामान्यतः धैर्याच्या किंवा वयाच्या भाषेत केले जाते. भित्रा तो बांधलेल्या जागी राहतो व धीट तो रानात जातो, अथवा तरुणांना नवे आवडते व प्रौढांना जुने, अशी ही स्पष्टीकरणे आहेत. ती अपुरी आहेत, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा पहिला हेतू. ज्या शब्दांनी ही भूमी ओळखली जाते त्या शब्दांतच या भेदाचे मूळ सापडते आणि त्याकडे दुर्लक्ष केल्यास केवळ वाद माजत नाहीत, तर प्रसंगी प्राणही जातात, हे दाखविणे हा दुसरा.

२. तीन व्यवच्छेदक लक्षणे

माणसाने खेळासाठी मुद्दाम घडविलेल्या भूमीस येथे ‘रचितभूमी’ म्हटले आहे, आणि जी खेळासाठी घडविलेली नाही तिला ‘सहजभूमी’. हे द्वंद्व सोयीचे असले तरी एवढ्यावर थांबता येत नाही. प्राग येथील भाषाशास्त्रज्ञांनी, विशेषतः त्रुबेत्स्कॉय व याकोबसन यांनी, ध्वनीचे वर्णन एकसंध वस्तू म्हणून न करता लक्षणांचा समूह म्हणून करावयास शिकविले. ‘प’ आणि ‘ब’ यांत ओठांची क्रिया एकच असते. भेद असतो तो घोषाचा. हीच रीत भूमीला लावली तर असे दिसून येते की, ‘रचित’ आणि ‘सहज’ या शब्दांखाली तीन निरनिराळी लक्षणे एकत्र दडलेली आहेत.

पहिले लक्षण कर्तृत्वाचे : ही भूमी कोणी घडविली काय? दुसरे लक्षण परिचयाचे : खेळाडूला ती आधीपासून ठाऊक असते काय, की प्रत्यक्ष खेळतानाच ती त्याला कळत जाते? तिसरे लक्षण उत्तरदायित्वाचे : काही चुकले, तर त्या चुकीचा काही भाग भूमीच्या रचनाकाराकडे जातो काय, की तो संपूर्णपणे खेळाडूकडेच राहतो? ही तिन्ही लक्षणे अनेकदा एकत्र येतात, म्हणून ती एकच आहेत असा भास होतो. पण ज्याप्रमाणे घोष आणि महाप्राणत्व एकाच व्यंजनात असूनही परस्परांहून स्वतंत्र असतात, त्याप्रमाणे हीही एकमेकांपासून सुटी होऊ शकतात. आवडीनिवडीचे खरे स्वरूप ती सुटी झाली म्हणजेच कळते.

३. खेळांतील प्रमाण

ही लक्षणे सुटी कशी होतात, हे दोन क्रीडाप्रकारांच्या नियमांवरून स्पष्ट होईल.

कृत्रिम भिंतीवर चढण्याचा खेळ टोकियोच्या ऑलिंपिक सामन्यांत (हे सामने २०२० चे म्हणून ओळखले जात असले तरी २०२१ मध्ये झाले) प्रथमच समाविष्ट झाला. त्यात वेगाची जी शर्यत असते तिची भिंत १५ मीटर उंच व किंचित पुढे झुकलेली असते, आणि तिच्यावरील पकडी जगात सर्वत्र अगदी त्याच जागी, त्याच आकाराच्या बसविलेल्या असतात. म्हणून एका खंडातील विक्रमाची तुलना दुसऱ्या खंडातील विक्रमाशी होऊ शकते. येथे भूमी रचित आहे आणि पूर्णपणे परिचितही आहे. परंतु त्याच खेळाचा दुसरा प्रकार जो बोल्डरिंग, त्यात नेमकी उलट काळजी घेतली जाते. स्पर्धेसाठी भिंतीवर नवी रचना करतात. ती कोणास आधी दिसू नये म्हणून स्पर्धकांना अलग बसवून ठेवतात. आणि समोर आल्यावर ठराविक मिनिटांतच त्यांना तिचे कोडे सोडवावे लागते. येथे भूमी रचित असूनही अपरिचित आहे. नवी मुंबईत २०१६ व २०१७ या दोन्ही वर्षी जागतिक चषकमालिकेतील बोल्डरिंगच्या स्पर्धा झाल्या. त्या भरविण्यात गिरिविहार या मुंबईच्या जुन्या गिर्यारोहण संस्थेचा पुढाकार होता. ज्या संस्थेची घडण सह्याद्रीच्या कड्यांवर झाली, तिनेच रचित भिंतीचा सर्वोच्च सामना महाराष्ट्रात आणावा, ही गोष्ट ‘रचित विरुद्ध सहज’ हे द्वंद्व वाटते तितके कठोर नाही याची साक्ष होय.

स्कीइंगमध्येही असेच आहे. अर्धनलिकेतील बर्फपट्टीची शर्यत १९९८ मध्ये नागानो येथे ऑलिंपिकमध्ये आली. स्कीपटूंसाठी अर्धनलिका व उंचवटे-कठड्यांची शर्यत २०१४ मध्ये सोची येथे आली. यांत स्पर्धकाला सरावाच्या फेऱ्या मिळतात आणि भूमीची मापे ठाऊक असतात. याउलट २००८ पासून ‘फ्रीराइड वर्ल्ड टूर’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मालिकेत पर्वताचा एखादा नैसर्गिक उतार निवडतात. स्पर्धकाने त्यावर आधी पाऊल ठेवावयाचे नसते. खालून किंवा समोरून दुर्बिणीने पाहून त्याने आपली वाट मनात आखावयाची असते. वरून मात्र तीच भूमी वेगळी दिसते. पाहिलेली खूण सापडत नाही, खालचा कडा दिसत नाही. आणि मनात आखलेली वाट व पायांखालची वाट यांचा मेळ घालणे हेच तेथील खरे कौशल्य ठरते.

सहज पण परिचित अशी भूमीही असते. मुंब्र्याच्या डोंगरातील शिळांवर मुंबई-ठाण्याच्या प्रस्तरारोहकांच्या अनेक पिढ्या शिकल्या. त्या शिळा कोणी घडविल्या नाहीत. पण त्यांवरील पकडी नित्य येणाऱ्याला स्वतःच्या घराच्या जिन्याइतक्या पाठ असतात. अशा माणसाला ‘निसर्गाचा भक्त’ म्हणणे पुरेसे अचूक नाही. त्याची आवड सहजतेची नसून परिचयाची असू शकते.

४. सह्याद्रीतील जुना व्यवहार

रचितभूमी ही आधुनिक, नागर आणि परकी वस्तू आहे, असा एक समज गिरिभ्रमण करणाऱ्यांत आढळतो. सह्याद्रीचा इतिहास या समजाला आधार देत नाही. नाशिक जिल्ह्यातील हरिहर गडावर उभ्या कातळात कोरलेल्या पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरीस हाताने धरण्यासाठी खोबण्या आहेत. पावलाची जागा व बोटांची जागा आधीच ठरवून देणारी ही रचना आणि कृत्रिम भिंतीवरील पकडी यांत तत्त्वतः फरक नाही. फरक हेतूचा आहे. एकीत गडावर शिबंदी पोचावयाची होती, दुसरीत खेळाडूचा कस पाहावयाचा आहे.

हाच इतिहास उलट दिशेनेही घडला आहे. कळसूबाईच्या रांगेतील अलंग व मदन या गडांच्या कातळपायऱ्या १८१८ च्या सुमारास इंग्रजांनी सुरुंग लावून उडविल्या. परिणामी जेथे पूर्वी सामान्य शिपाई पायऱ्यांनी जात असे तेथे आज दोर लावून चढावे लागते, आणि नेमक्या याच कारणाने ते गड प्रस्तरारोहकांना प्रिय झाले आहेत. रचितभूमी मोडून सहजभूमी झाली आणि तिला नवा चाहता मिळाला. त्याच रांगेतील कळसूबाईच्या शिखरावर, जे १,६४६ मीटर उंचीचे म्हणजे महाराष्ट्रातील सर्वोच्च आहे, लोखंडी शिड्या बसविल्याने सहजभूमीत रचनेचा प्रवेश झाला आणि तिलाही नवा चाहता मिळाला. कोणती भूमी ‘खरी’, हा प्रश्न म्हणूनच निरर्थक आहे. कोणत्या भूमीने कोणाला बोलाविले, एवढेच विचारता येते.

एकाच स्थळी जाण्याच्या दोन वाटा असल्या म्हणजे हे बोलावणे अगदी स्पष्ट होते. कर्जतच्या बाजूने खांडस येथून भीमाशंकरला जाताना गणेश घाट आणि शिडी घाट असे दोन मार्ग फुटतात. पहिला लांबचा व सौम्य, दुसरा जवळचा, खडा व शिड्यांचा. हरिश्चंद्रगडास पाचनईहून जाणारी वाट सोपी आहे. खिरेश्वराहून तोलार खिंडीने जाणारी लांब आहे. आणि कोकणातून चढणारी नळीची वाट दगडधोंड्यांनी भरलेल्या उभ्या घळीतून जाते. माथा तोच, मंदिर तेच. तरी प्रत्येक वाटेचा माणूस निराळा असतो. येथे एक गोष्ट ध्यानात येते. शिडी घाटात शिड्या आहेत, म्हणजे रचना आहे. पण तिच्यामुळे तो घाट सौम्य न होता अधिक उग्र वाटतो, कारण शिडी जेथे बसविली तेथे ती नसती तर सामान्य पांथस्थ गेलाच नसता. रचनेने भय कमी होते हे जितके खरे, तितकेच रचना भयाच्या जागी नेऊन सोडते हेही खरे.

५. शब्दांची साक्ष

डोंगरात वावरणाऱ्या मराठी माणसाजवळ भूमीचे जे शब्द आहेत त्यांचे स्थूलमानाने तीन गट पाडता येतात. पहिला गट आकारवाचक आहे. डोंगराची उतरती रांग ती ‘सोंड’, दोन्ही बाजूंस तुटलेली अरुंद कड ती ‘धार’, कड्याच्या मध्यावर फिरलेली सपाटी तो ‘पदर’, नळीसारखी चिंचोळी उभी घळ ती ‘नाळ’ किंवा ‘नळी’. हत्ती, शस्त्र, वस्त्र व नळी यांवरून आलेली ही रूपके असून ती दुरून पाहणाऱ्याला उपयोगी पडतात. वाट विचारणाऱ्यास ‘सोंडेने वर जा आणि पदरातून आडवे व्हा’ असे सांगितले, की समोरच्या डोंगरावर ती वाट जणू आखून दिली जाते.

दुसरा गट क्रियावाचक आहे. ‘चढ’, ‘उतार’, ‘घसारा’ हे शब्द भूमीचा आकार सांगत नाहीत. ती भूमी माणसाच्या पायाला काय करावयास लावील ते सांगतात. घसारा हा दिसावयास साधा उतार असतो; वरचा मुरूम सुटा आहे हे शब्दातच असते, डोळ्यांना ते नेहमीच दिसते असे नाही. म्हणून या गटातील शब्द हे वर्णन कमी आणि इशारा अधिक असतात.

तिसरा गट कृतिवाचक आहे. ‘पायरी’, ‘खोबणी’, ‘शिडी’, ‘निसणी’ हे शब्द मनुष्याच्या हाताची खूण सांगतात. यांपैकी ‘निसणी’ हा शब्द संस्कृतातील निःश्रेणी, म्हणजे शिडी, या शब्दापासून आलेला आहे. डोंगरातील लोक बांबूची किंवा खाचा पाडलेल्या खोडाची शिडी ज्या अवघड टप्प्यावर लावतात त्या टप्प्यासच पुढे हे नाव मिळते. साधन जाऊन जागेला नाव राहावे, ही अर्थविस्ताराची परिचित रीत आहे. निसणी कुजून पडली तरी जागा ‘निसणीची’च राहते, आणि तेथे एके काळी माणसाला मदतीवाचून चढता येत नव्हते ही माहिती नावात टिकून राहते.

‘वाट’ या एका शब्दाभोवतीचा परिवार तर विशेष बोधप्रद आहे. गाडीवाट, पायवाट आणि ढोरवाट ही त्याची तीन रूपे कर्त्यावरून पडली आहेत. मळलेली वाट आणि मोडलेली वाट ही दोन रूपे वापरावरून पडली आहेत. रानात नवखा चुकतो तो बहुधा ढोरवाटेने. गुरांच्या खुरांनी पडलेली ही वाट पायवाटेइतकीच ठळक दिसते; परंतु ती चाऱ्याकडे किंवा पाण्याकडे जाते, गावाकडे जातेच असे नाही. डोळ्यांना न दिसणारा हा भेद ज्याच्याजवळ शब्द आहे त्याला थांबवितो व विचार करावयास लावतो.

आता रचितभूमीचे शब्द पाहावेत. वॉल, होल्ड, रूट, बोल्ट, पार्क, रेल, जंप : हे सर्व शब्द इंग्रजीतून जसेच्या तसे आले. यात खेद करण्याजोगे काही नाही. वस्तूबरोबर शब्द येतो, हा भाषेचा नियमच आहे. परंतु या शब्दांचा अर्थ सर्वत्र एकच राहतो, कारण ती वस्तूही सर्वत्र एकच राहावी अशी योजना असते. अमेरिकेत उताराची अवघडता हिरवे वर्तुळ, निळा चौकोन व काळा पतंगाकृती चौकोन या चिन्हांनी दाखवितात आणि रचित पार्कासाठी नारिंगी लंबवर्तुळ वापरतात. ते पाहणाऱ्यास स्थानिक भाषा यावी लागत नाही. रचितभूमीची भाषा अशी चिन्हांची भाषा होऊ शकते. सहजभूमीची भाषा तशी होऊ शकत नाही, कारण तेथील प्रत्येक शब्द त्या त्या दगडाच्या, पावसाच्या आणि गावाच्या अनुभवातून आलेला असतो.

क्रियापदांतही हा भेद उतरला आहे. भिंतीवर माणूस ‘पडतो’. रानात तो ‘चुकतो’. भिंतीवर चुकावयास जागाच नसते, कारण रंगीत पकडींनी वाट आधीच दाखविलेली असते. आणि पडणे हा तेथे सरावाचा नित्य भाग असतो, कारण खाली गादी किंवा वर दोर असतो. रानात अपघाताची सुरुवात बहुधा पडण्याने होत नाही, चुकण्याने होते. पडणे त्यानंतर येते. अलीकडच्या मराठी गिरिभ्रमणविषयक लेखनात दरीच्या दर्शनाने वाटणाऱ्या भीतीस ‘दृष्टिभय’ असा शब्द योजलेला आढळतो. तो चांगला शब्द आहे. पण ढोरवाटेचे भय दृष्टीचे नसते, आणि घसाऱ्याचेही नसते.

६. आवडीची कारणे

भूमीचा विचार झाल्यावर आता माणसाकडे वळावे. कौशल्यविषयक मानसशास्त्रात ई. सी. पोल्टन यांनी १९५७ मध्ये बंद कौशल्य आणि खुले कौशल्य असा भेद मांडला. परिस्थिती स्थिर व आधीच कळणारी असेल तेथे क्रिया जितकी एकसारखी तितकी ती उत्तम. हे बंद कौशल्य. परिस्थिती बदलती असेल तेथे क्रिया दर क्षणी जुळवून घ्यावी लागते. हे खुले कौशल्य. अर्थात या दोन पेट्या नसून एका पट्टीची दोन टोके आहेत. वेगाची भिंत एका टोकाजवळ आहे, न पाहिलेला बर्फाचा उतार दुसऱ्या टोकाजवळ, आणि बोल्डरिंगची नवी रचना मध्ये कोठेतरी. पाठांतर करणारा वैदिक आणि सभेत उत्स्फूर्त बोलणारा वक्ता यांपैकी कोण अधिक भाषाज्ञ, असा प्रश्न कोणी विचारीत नाही. तोच विवेक येथेही हवा.

रचितभूमीच्या चाहत्याला प्रामुख्याने पुनरावृत्ती हवी असते. आजची उडी कालच्याहून चांगली झाली काय, हे त्याला कळावयास हवे असते. आणि ते कळण्यासाठी भूमी तीच राहणे आवश्यक असते. भूमी स्थिर ठेवली की बदलणारी गोष्ट एकच उरते, ती म्हणजे खेळाडू स्वतः. या अर्थाने रचितभूमी ही स्वतःला मोजण्याची पट्टी आहे. शिवाय तेथे सोबती असतात, पाहणारे असतात, एकाची युक्ती दुसरा लगेच उचलतो. सहजभूमीच्या चाहत्याला याउलट एकदाच घडणारी गोष्ट हवी असते. ओढ्याला काल पाणी होते, आज नाही. गवत कालपर्यंत हिरवे होते, आज वाळून निसरडे झाले आहे. त्याला मोजावयाचे नसते, वाचावयाचे असते.

रॉजे काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ मध्ये खेळांच्या मुळाशी चार प्रेरणा मानल्या : स्पर्धा, दैव, सोंग आणि भोवळ. स्कीइंगची गणना तो भोवळीत करतो. पण वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, एकाच खेळात भूमी बदलली की प्रेरणांचे मिश्रणही बदलते. पार्कात भोवळीला स्पर्धेची जोड मिळते. अस्पर्श बर्फावर तिला दैवाची जोड मिळते. दोन्ही ठिकाणी पायांत स्की तेच असतात, परंतु खेळ एकच आहे असे म्हणणे कठीण होते.

या प्रेरणांखेरीज काही साधी कारणे आहेत, आणि पांडित्याच्या भरात ती विसरून चालणार नाही. तुळिंजहून मुंबईस रोज लोकलने जाणाऱ्या माणसाजवळ कामाच्या दिवशी तासाभराहून अधिक मोकळा वेळ क्वचितच उरतो. त्याची ‘आवड’ ही पुष्कळदा त्याच्या वेळापत्रकाचे दुसरे नाव असते. पायऱ्यांना मार्गदर्शक लागत नाही, पहाटे उठून गट जमवावा लागत नाही, आणि पाऊण तासात परत येता येते. ज्या स्त्रियांना एकट्याने रानात जाणे सुरक्षित वाटत नाही, त्यांना वर्दळीच्या बांधीव वाटेची निवड करावी लागते. तिला भित्रेपणा म्हणणे हा उद्धटपणा होईल. दुसऱ्या बाजूस तुंगारेश्वराच्या पायथ्याच्या पाड्यांवर राहणारे वारली व कातकरी ज्या वाटांनी सरपणासाठी आणि रानभाज्यांसाठी जातात त्या वाटा त्यांनी आवडीने निवडलेल्या नसतात. भूमीची आवडनिवड करता येणे ही सवड असलेल्या माणसाची गोष्ट आहे. भूमीचे शब्द मात्र मुख्यतः ज्यांना ती सवड नव्हती त्यांनी घडविले.

७. कौशल्याचे स्थलांतर

आवडीचा भेद निरुपद्रवी असता तर हा विषय येथेच संपला असता. तो निरुपद्रवी नाही, कारण एका भूमीवर मिळविलेला आत्मविश्वास माणूस नकळत दुसऱ्या भूमीवर घेऊन जातो. शरीराचे बळ, तोल, बोटांची पकड या गोष्टी भिंतीवरून कड्यावर खरोखरच येतात. परंतु भूमी वाचण्याचे कौशल्य येत नाही, कारण भिंतीवर ते लागतच नव्हते. भिंतीवरची पकड सुटून हातात येणार नाही, याची हमी कोणीतरी घेतलेली असते. सह्याद्रीचा खडक हा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या थरांचा बनलेला असून त्यात कठीण व ठिसूळ थर एकमेकांवर आहेत. तेथील पकडीची हमी कोणीच घेतलेली नसते. उत्तरदायित्वाचे तिसरे लक्षण येथे निर्णायक ठरते. रचितभूमीवर खेळाडू एकटा दिसतो, पण एकटा नसतो. रचनाकार अदृश्य रूपाने त्याच्या बरोबर असतो. सहजभूमीवर पाऊल टाकताच हा सोबती निघून जातो, आणि तो गेल्याचे कोठेही फलकावर लिहिलेले नसते.

वसईच्या पूर्वेस कामणजवळ चिंचोटीचा धबधबा आहे. तेथे पावसाळ्यात तरुण बुडून मृत्यू पावल्याच्या घटना वारंवार घडल्या असून प्रवेशबंदीचे आदेशही अनेकदा निघाले आहेत. अशा ठिकाणी जाणाऱ्यांपैकी काहींना पोहता येत नसते, हे खरे. पण पोहता येणाराही तेथे सुरक्षित नसतो. तरणतलावात शिकलेले पोहणे हे स्थिर पाण्यातले, ज्ञात खोलीचे, कडेला धरावयास कठडा असलेले पोहणे असते. धबधब्याखालचा ‘डोह’ हा तलाव नव्हे. वरच्या डोंगरात पाऊस झाला की खाली ऊन असतानाही ‘लोंढा’ येतो, हे त्या परिसरातील जुन्या माणसाला सांगावे लागत नाही. कारण डोह आणि लोंढा हे शब्द त्याने त्या अनुभवासह घेतलेले असतात. पाहुण्याच्या बोलीत या दोहोंऐवजी ‘स्पॉट’ हा एकच शब्द असतो, आणि त्या शब्दात कोणताही इशारा नाही.

हिमाच्या प्रदेशातही हाच धडा निराळ्या रूपाने शिकावा लागतो. हिमालयात औलीचा उतार मुख्यतः तयार केलेला आहे. गुलमर्गला गोंडोलाचा दुसरा टप्पा अफरवत पर्वताच्या अंगावर सुमारे ३,९०० मीटरहून अधिक उंचीवर नेऊन सोडतो आणि तेथून न सारवलेला बर्फ सुरू होतो. हिमस्खलनात सापडणाऱ्या क्रीडापटूंपैकी बहुतेकांच्या बाबतीत ते स्खलन त्यांच्याच किंवा त्यांच्या सोबत्यांच्या भाराने सुरू झालेले असते, हे त्या विषयातील अभ्यासाने ठरलेले आहे. पार्कात सराईत असणे हे त्या भाराविरुद्ध कामी येत नाही. थर ओळखणे कामी येते.

याचा अर्थ रचितभूमी फसवी आहे, असा मात्र नव्हे. तिच्यावाचून शरीर घडविणे कठीण आहे, आणि चुकीची किंमत अल्प असलेल्या जागी पुष्कळ चुका करता येणे हे शिक्षणाचे मोठे साधन आहे. उलट दिशेचा गैरसमजही तितकाच घातक असतो. वर्षानुवर्षे गड हिंडलेला माणूस दोराच्या गाठी, पडणाऱ्याला सांभाळण्याची रीत, साधनांची तपासणी या गोष्टी अनुभवाने आपोआप येतात असे मानतो. त्या येत नाहीत. त्या बंद कौशल्यात मोडतात आणि रचित जागी घोकूनच अंगी बाणवाव्या लागतात.

८. निष्कर्ष

क्रीडाभूमीविषयीची आवड ही धैर्याची पायरी नाही, तशी ती वयाची खूणही नाही. कर्तृत्व, परिचय आणि उत्तरदायित्व या तीन लक्षणांपैकी कोणते कोणाला महत्त्वाचे वाटते, आणि वेळ व परिस्थिती त्याला किती निवड करू देतात, यावर ती अवलंबून असते. जीवदानीच्या पायऱ्या मोजणारा आणि तुंगारेश्वरात वाट शोधणारा हे एकाच शिडीच्या खालच्या-वरच्या पायरीवर उभे नाहीत; ते दोन निरनिराळ्या प्रकारचे ज्ञान मिळवीत आहेत. एकाच माणसाने दोन्ही मिळविण्यास हरकत नाही. अडचण उद्भवते ती एका ज्ञानाचा दाखला दुसऱ्याच्या दारी दाखविला जातो तेव्हा.

भाषेच्या अभ्यासकाचा येथे संबंध येतो तो याच ठिकाणी. सोंड, पदर, नाळ, घसारा, निसणी, ढोरवाट, डोह, लोंढा हे शब्द बोलीभाषेच्या कोशात नोंदवून ठेवण्यापुरते नाहीत. ते पिढ्यान्‌पिढ्यांनी साठविलेले सूचनाफलक आहेत. गिर्यारोहणाच्या प्रशिक्षणवर्गात दोराच्या गाठींबरोबर हे शब्दही त्या त्या जागेवर उभे राहून शिकविले गेले, आणि प्रत्येक तालुक्यातील पाड्यांवरील जाणत्या माणसांकडून ते अर्थासह, स्थळासह टिपून घेतले गेले, तर त्यात कोशाचेही काम होईल आणि प्रशिक्षणाचेही. वसईच्या पूर्वेकडील डोंगरांच्या बाबतीत हे काम तुळिंजहून एका दिवसात जाऊन येण्याइतके जवळ आहे.